मनाच्या सरावाचे आठ महिने, काळ्या मातीच्या मैदानावर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या एका गावात मी शाळकरी मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. गेल्या जुलैत चौदा वर्षांखालील संघासाठी मानसिक कौशल्यांचा एक सशुल्क मोबाइल अभ्यासक्रम घेतला आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत तो आठवड्यातून दोनदा, सरावाआधी पंधरा मिनिटे, नेमाने वापरला.

सर्वाधिक उपयोगी ठरला तो चुकीनंतर सावरण्याचा पाठ. पास चुकला की एक ठरलेली हालचाल करावी, एक शब्द मनात म्हणावा आणि आपली जागा गाठावी, एवढेच त्यात सांगितले आहे. पावसाळ्यात आमची काळी माती तळव्यांना चिकटून पाय जड होतात, म्हणून मुलांनीच टाच आपटून चिखल झाडण्याची खूण निवडली. चेंडू गमावल्यावर डोके धरून उभा राहणारा आमचा बचावपटू पोळ्यापर्यंत टाच आपटून मागे धावू लागला होता. मैदान वाळून भेगाळले तरी ती टाच सुटलेली नाही.

पेनल्टीच्या पाठानेही फरक पडला. चेंडू ठेवण्यापूर्वीच कोपरा ठरवायचा, शिट्टीनंतर एक लांब श्वास सोडायचा आणि धावताना बेत बदलायचा नाही. अडचण आली ती गोलरक्षक मुलीची. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 286 पेनल्टी तपासल्या होत्या. त्यांत गोलरक्षक फक्त 6.3 टक्के वेळा मध्यभागी थांबले, जरी तेथेच थांबणे त्यांच्या अधिक फायद्याचे ठरले असते. उडी मारून गोल झाला तर कोणी बोलत नाही, उभे राहून झाला तर सारे बोलतात, हे त्यामागचे कारण. आमची मुलगी एकदा धीराने थांबली, गोल झाला, आणि कडेवरून तिचे काका ओरडले, "काहाची गोलकीपर आहे, नुसती उभी राह्यते!" त्यानंतर ती प्रत्येक वेळी उडीच मारते. प्रेक्षकांच्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्याचा पाठ अभ्यासक्रमात आहे, परंतु तो आवाज घरचाच असेल तर काय करावे, हे त्यात कोठेही नाही.

डोळे मिटून सामना मनात पाहण्याचा भाग मात्र फसला. हिंदी ध्वनिफितीतले हिरवे, दिव्यांनी उजळलेले मैदान मुलांनी कधी पाहिलेले नाही. मी तेच वऱ्हाडीत, आमच्या बाभळीखालच्या गोलासह सांगितले तेव्हा थोडे जमले. पण नोव्हेंबरात पहाटेपासून कापूस वेचून आलेली मुले डोळे मिटताच झोपी गेली, आणि मी त्यांना उठवले नाही. आत्मविश्वासाला दहापैकी गुण देण्याचा तक्ता तर निरुपयोगीच, कारण परीक्षा समजून सर्वांनी दहा लिहिले.

दुसऱ्या वर्षाचे पैसे मी भरणार नाही. कामाचे दोन पाठ मुलांच्या अंगवळणी पडले आहेत. नव्या हंगामाआधी मात्र त्या काकांना गोलात उभे करून मुलांकडून पाच पेनल्टी मारून घेण्याचा विचार आहे.