कॅपॅसिटरचा मिक्स डबा : काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा (चार्ज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचा) मिक्स डबा घेतला. १ ते १००० मायक्रोफॅरड (हे साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे कॅपॅसिटन्सचं माप). १६, २५ आणि ५० व्होल्टचे. कंपनीचं नाव कशावरच नाही. आता डबा बराच रिकामा झालाय, तेव्हा सविस्तर लिहितो. ५ आणि १२ व्होल्टच्या कामाला हा डबा चांगला आहे. फक्त त्यातला कॅपॅसिटर उचलताना मायक्रोफॅरडच्या आधी व्होल्टचा आकडा वाचायचा.

२५ व्होल्टचा कॅपॅसिटर ५ व्होल्टला जोडला तर त्यात ५ व्होल्टच भरतात. वर छापलेला आकडा ही मर्यादा आहे. ती ओलांडली की आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर दाब सोसत नाही, गळती वाढते, कॅपॅसिटर तापतो, आत वायू साठतो आणि डोक्यावरच्या खाचा फुगतात. उलटा जोडला तरी तेच होतं, म्हणून पट्टीची बाजू निगेटिव्हलाच.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपाशी. १२ म्हणजे १६ पुरेल, असा हिशोब केला जातो. पण ते १२ एसी आहेत. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) फिल्टरच्या कॅपॅसिटरवर १२ गुणिले १.४१, म्हणजे १७ व्होल्टच्या आसपास शिखर येतं. त्यातून दोन डायोडचे दीड-एक व्होल्ट वजा केले तर साडेपंधरा उरतात. लाइन २३० ची २५० झाली आणि पुढे लोड नसला की १६ ची हद्द सहज ओलांडली जाते. तिथे २५ व्होल्टचाच हवा. माझ्या छोट्या ॲम्प्लिफायरला याच डब्यातला १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लावलाय. हम (स्पीकरमधली घूं) नाही, आणि हात लावून पाहिला तर थंड असतो. डब्यातले १६ व्होल्टवाले मी ५ व्होल्टच्या लाइनसाठी ठेवलेत. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) वायफाय सुरू करताना रीसेट व्हायचं, बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा लावल्यावर ते थांबलं.

आता ऊर्जेचं. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कॅपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १००० मायक्रोफॅरड १२ व्होल्टवर भरला तर ०.०७२ ज्यूल होतात. एसएमपीएसमधला (थेट मेनवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायमधला) मुख्य कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा, म्हणजे कॅपॅसिटन्स दहावा हिस्सा. पण २३० एसीचे ३२५ डीसी होऊन त्याच्यावर बसतात, आणि ऊर्जा निघते ५.३ ज्यूल. सत्तरपटीहून जास्त! म्हणून ५० व्होल्टला थांबणाऱ्या या डब्यातलं काहीही तिथे लावायचं नाही. तिथे ४०० किंवा ४५० व्होल्टचा, १०५ डिग्रीपर्यंत चालणारा, नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

भाचा सुट्टीत आला होता, तेव्हा जळालेला टीव्हीचा सप्लाय उघडून बसलो होतो. "मामा, प्लग काढलाय ना, मग कशाला घाबरायचं?" मी मीटरचे प्रोब लावून दाखवले : तीनशेच्या वर. चालू सप्लाय प्लग काढल्यावर बराचसा चार्ज स्वतःच खाऊन टाकतो. बंद पडलेल्यात तो खाणारं कुणी नसतं, ब्लीडर (चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) नसेल तर चार्ज तसाच राहतो. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, टोक वितळतं, कॅपॅसिटरलाही धक्का बसतो. मी २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवलाय. १०० मायक्रोफॅरडला दोनेक सेकंदांत काम होतं. मग मीटरने खात्री करायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (त्याच ऑक्साइडच्या थरात) अडकलेला चार्ज परत थोडा वर येतो. कॉम्पोनंट टेस्टरलाही भरलेला कॅपॅसिटर लावला तर टेस्टरच जातो.

डब्याचा दर्जा? टेस्टरवर बहुतेकांचा कॅपॅसिटन्स छापील आकड्याच्या २० टक्क्यांच्या आत आला, तेवढी सूट इलेक्ट्रोलिटिकला असतेच. पण टेस्टर व्होल्टेजची क्षमता सांगत नाही. त्यासाठी २५ व्होल्टवाले १ किलोओहममधून २४ व्होल्टला जोडून रेझिस्टरवरचा व्होल्टेज पाहिला. पडून राहिलेला माल सुरुवातीला जास्त गळतो, मग ऑक्साइड पुन्हा जमतो आणि आकडा उतरत जातो. चांगले काही मिनिटांत पाव व्होल्टच्या खाली गेले. १००० मायक्रोफॅरडवाल्यांतले काही मात्र दोन व्होल्टवर अडून बसले, म्हणजे २ मिलिॲम्पिअर गळती. ते शेजाऱ्यांपेक्षा उंचीलाही कमी होते. त्याच मायक्रोफॅरडला जास्त व्होल्ट हवे तर डबी मोठी लागते, त्यामुळे छापील २५ वर माझा विश्वास नाही. ते मी ५ व्होल्टच्या खोक्यात टाकले.

पुन्हा घेईन, पण १६ व्होल्टचे कमी आणि ३५ चे जास्त असलेला डबा शोधून. आणि बारक्या ७८०५ च्या (५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) कामापलीकडे, रोज तासन्‌तास चालणाऱ्या सप्लायला, सुटा कंपनीचा कॅपॅसिटर घेईन. थोडेच पैसे जास्त जातात.