बेळगाव-खानापूरची सहल आणि ग्लुटेनमुक्त जेवण: खानावळ, उडपी हॉटेल की होमस्टे?

घरात एकाला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल आणि सुट्टीत बेळगाव भागात यायचं ठरत असेल, तर आधी जेवणाचं बघा. मुक्काम कुठे करायचा हे त्यावरून ठरवा. माझ्या भाचीला हा आजार आहे. मे महिन्यात ती आमच्याकडे येते, तेव्हा सगळं कुटुंब गोकाक, सौंदत्ती, खानापूर असं फिरतं. तिच्यासाठी जागा शोधताना जे दिसलं आणि जे विचारून कळलं, ते इथे मांडते आहे.

हा मुलूख ज्वारीचा, पश्चिमेकडे गेलं की भाताचा आणि नाचणीचा. यातल्या कशातच ग्लुटेन नाही. म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतात, "तुमच्याकडे काय, भाकरीच मिळते." भाकरी मिळते हे खरं, पण ती कोणत्या परातीत मळली आणि कोणत्या तव्यावर भाजली यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणायचं, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चपातीचं कोरडं पीठ भाकरीवर भुरभुरलं, तर ही मर्यादा कधीच ओलांडली जाते. नुसतं गव्हाने पोट जड होतं म्हणून टाळणाऱ्याला हे चालून जाईल. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या आतड्याला त्याने इजा होते, त्या दिवशी काही त्रास जाणवला नाही तरी.

खानावळीपासून सुरुवात करते, कारण माझा जीव तिथे आहे. ज्वारीची रोट्टी, भरली वांगी, मटकीची किंवा मुगाची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं. मूळ जिन्नस पाहिले तर ताटात गहू कुठेच नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे तेच ताट जेवतात, आणि आजारी मुलाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. भावंडांच्या पानात एक आणि आपल्या पानात दुसरं, हे रोज सोसणाऱ्या मुलाला इथे सगळ्यांसारखं जेवता येतं.

धोका आत स्वयंपाकघरात आहे. दुपारी गर्दी वाढली की भाकरी थापणारी आणि चपाती लाटणारी शेजारी शेजारी बसतात. मधे कोरड्या पिठाचा एकच डबा असला तर दोघींचे हात त्यातच जातात. भाकरीला पाणी लावायचं फडकं चपातीच्या तव्यावरूनही फिरतं. काहीजण भाकरी चिरू नये म्हणून ज्वारीत थोडी कणीक मिसळतात. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली तर पीठ तिथूनच मिसळून येतं. तळणाची कढई वेगळी आहे का हेही बघा, कारण कुरडई गव्हाची असते आणि पापड त्याच तेलात पडतो.

यावर उपाय आहेत. आदल्या दिवशी फोन करा आणि गर्दीच्या आधी, साडेअकराच्या सुमाराला जा. ग्लुटेनमुक्त असं लिहिलेलं ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणि स्वतःचा छोटा तवा बरोबर ठेवा. स्वच्छ ताटात पीठ मळून पहिल्या भाकऱ्या आपल्या करून मागा. आपुलकीने सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. बेळगाव शहरात मराठीत भागतं. गोकाक-सौंदत्तीकडे "अक्का, गोधी हिट्टु, मैदा, रवा हाकबेड्री" (अक्का, गव्हाचं पीठ, मैदा, रवा घालू नका) एवढं कन्नड पाठ करून जा.

आणि हिंग. आमटी असो, सांबार असो की उसळीची फोडणी, बाजारातल्या बऱ्याच बांधाणी हिंगात, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या हिंगात, मैदा किंवा कणीक असते. खानावळीत डबा मागून घटकांची यादी वाचा. ते जमत नसेल तर फोडणीचं काहीच घेऊ नका. कोरडी चटणी विकतची असेल तर तिचंही पाकीट बघा.

उडपी हॉटेल सोयीचं. सकाळी उघडं असतं, स्वच्छ असतं, मुलांना आवडतं. इडली आणि डोसा दोन्ही तांदूळ-उडदाचे, पण या दोघांत मी फार फरक करते. इडली वाफेवर वेगळ्या साच्यात होते, तिला गव्हाचा हात लागण्याची शक्यता कमी. मात्र त्याच भांड्यात रवा इडली नाही ना, हे विचारा. डोशाच्या तव्यावर थोड्या वेळापूर्वी रवा डोसा झालेला असतो, त्यात रवा आणि मैदा दोन्ही. तवा साफ करायचा म्हणजे पाणी मारून छोट्या झाडूने पुसायचा, तोच झाडू दिवसभर. म्हणून डोसा नाही. मेदूवडा उडदाचा असला तरी ज्या तेलात पुऱ्या आणि मैद्याची गोळी भजी तळतात त्यातच तोही तळतात. उपमा, केसरीभात आणि शेवयांचं काही नको, ते तर उघड गव्हाचंच. तेव्हा साधी इडली, लोणी, फोडणी न घातलेली खोबऱ्याची चटणी आणि फिल्टर कॉफी. नाश्त्याला हे पुरतं. दोन वेळच्या जेवणासाठी मी उडपी हॉटेल निवडणार नाही.

तिसरा पर्याय म्हणजे खानापूर तालुक्यातला होमस्टे. खानापूर बेळगावहून साधारण 25 किलोमीटरवर. तिथून पुढे जांबोटी, कणकुंबी, भीमगडचं जंगल. इथलं रोजचं खाणं भात, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी. घरमालकिणीशी आधी निवांत बोलता येतं, आपलं हिंग आणि आपलं पीठ देता येतं, आणि स्वयंपाकघर वापरायला मिळालं तर प्रश्नच मिटतो. पोहोचल्यावर परात, पोळपाट आणि लाकडी उलथणं यांना हात लावू नका. लाकडाच्या फटीत कणीक बसते, ती धुऊन जात नाही. आपलं स्टीलचं ताट वापरा. दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यांसाठीच चपाती करू नका असं सुचवून पाहा, पाहुण्यांसाठी ते मान्य करणारे बरेच भेटतात.

फिरायला इथून हलशीचं कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर आणि नंदगडला संगोळी रायण्णांची समाधी जवळ आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच. सकाळी जेवण डब्यात घेऊन निघालं की दिवसभर चिंता नाही. उणीव एवढीच की गोकाकचा धबधबा आणि सौंदत्तीची यल्लम्मा इथून लांब पडतात. तो दिवस मात्र खानावळीवर आणि डब्यावर काढावा लागतो.

मूल लहान असेल, निदान नुकतंच झालं असेल, तर मी विचार न करता खानापूरला मुक्काम करा म्हणेन. मोठं माणूस असेल, स्वतः विचारून घेणारं असेल, तर बेळगावात राहून दुपारी खानावळ आणि सकाळी इडली असं चालेल.

महामार्गावरचे ढाबे आणि हॉटेलातला बुफे मी दोन्ही सोडून देते. ढाब्यावर तंदूर आणि पीठ सगळीकडे, आणि काही ग्रेव्ह्या मैद्याने दाट केलेल्या. बुफेत नानचा चिमटा भातात जातो. हातगाडीवरच्या गोबी मंचुरियनच्या पिठात मैदा असतो आणि सोया सॉसमध्येही बहुधा गहू. मालवणी-गोवन पद्धतीच्या हॉटेलात मासे रव्यात घोळवून तळतात. बिनरव्याचा मागितला तरी तवा तोच. तिथे आमटी-भात आणि सोलकढीवर थांबा, आणि आमटीचंही हिंगासाठी विचारा.

प्रवासात दोन गोष्टी बरोबर असू द्या. कडक रोट्टी इथे पाकिटात मिळते आणि बरेच दिवस टिकते. जिथे फक्त ज्वारी-बाजरीच्याच रोट्ट्या करतात अशा घरगुती उद्योगाकडून घ्या आणि पीठ कुठे दळून आणता तेही विचारा. दुसरं म्हणजे कुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे. भूक लागलेल्या मुलाला रस्त्यावरचं गिरमिट नाकारावं लागतं तेव्हा हातात काहीतरी असलेलं बरं. गिरमिट कुरमुऱ्याचंच, पण बाजूला भजी आणि त्याच हातांनी पावही दिले जातात.

गोड न्यायचं असेल तर मांडे सिलिअ‍ॅकवाल्यासाठी नाहीत, ते गव्हाचेच. कुंदा दूध, खवा आणि साखरेचा, पण दाटपणासाठी रवा घातलेला नाही ना हे दुकानात विचारून घ्या आणि तिथेच सुटा कापून देत असतील तर सुरी बघा. गोकाकचा करदंट डिंक, सुकं खोबरं, गूळ आणि सुक्यामेव्याचा. तो घटक छापलेल्या बंद डब्यातला घेतला तर आम्ही भाचीला निर्धास्त देतो.