तलवारीआधीचे बोलणे

अलेक्झांडर द्यूमा यांची 'थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी १८४४ साली मार्च ते जुलै या काळात पॅरिसच्या 'ल सिएक्ल' या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तलवारबाजीसाठी म्हणून ती हातात घेतली जाते. पण झुंजी लवकर आटोपतात आणि खरी मौज तलवार उपसण्यापूर्वीच्या बोलण्यात असते, हे मला ती पुन्हा वाचताना जाणवले.

सुरुवातीचाच प्रसंग घ्यावा. गॅस्कनीहून पॅरिसला आलेला दार्तान्या बघता बघता तिघा मस्केटिअर्सची, म्हणजे राजाच्या बंदूकधारी सैनिकांची, भांडणे ओढवून घेतो: आथोसच्या जखमी खांद्यावर आदळतो, पोर्थोसच्या झग्यात गुरफटून त्याच्या पट्ट्यावरचे जरीकाम फक्त दर्शनी बाजूलाच आहे हे पाहतो, आणि आरामिसने पायाखाली दडवलेला हातरुमाल मोठ्या अदबीने उचलून देतो. द्वंद्वाच्या वेळा ठरतात बारा, एक आणि दोन. बारा वाजता आथोसचे साक्षीदार म्हणून उरलेले दोघेच हजर झाल्यावर दार्तान्या माफी मागतो. भीतीपोटी नव्हे, तर आथोसच्याच हातून मेलो तर तुम्हा दोघांचे देणे राहून जाईल, म्हणून! चौघांची मैत्री मला त्या माफीतच जुळलेली दिसते.

खटकण्याजोगेही बरेच आहे. दार्तान्या अंधारात दुसऱ्याचे सोंग घेऊन मिलेडीला, कादंबरीच्या खलनायिकेला, फसवतो, तो भाग वाचल्यावर नायकाविषयी आदर उरत नाही. तिच्या कैदेच्या प्रकरणांत चौघे मित्र दिसत नाहीत, त्यामुळे ती रेंगाळल्यासारखी वाटू शकतात; मला मात्र ती सर्वांत सरस वाटली, कारण तिच्याजवळ शस्त्र नाही, केवळ वाणी आहे, आणि पहाऱ्यावरचा फेल्टन त्या वाणीपुढे पाच दिवसांत कसा ढासळतो हे द्यूमा जराही घाई न करता दाखवतात.

म्हणूनच संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये; ६७ प्रकरणांना कात्री लागली की मारामाऱ्या राहतात आणि बोलणे जाते. ला रोशेल या फ्रेंच शहराच्या वेढ्यात चौघांना कुणाच्या कानावर जाणार नाही असे बोलायचे असते, तेव्हा ते पैज लावून शत्रूच्या माऱ्यातील बुरुजावर तासभर न्याहारीला बसतात, अधूनमधून उठून गोळ्या झाडतात आणि पुन्हा मिलेडीचे काय करावे यावर खल करतात. निघताना निशाण म्हणून लावलेला नॅपकिन काढायला आथोस एकटाच मागे फिरतो, आणि मित्र धाव म्हणून ओरडत असताना गोळ्यांच्या वर्षावातून सावकाश चालत येतो.