मोबाईलला लावायचं क्लिपवालं मायक्रोस्कोप: खाडीच्या गाळासाठी घ्याच

हे मी ऑनलाईन मागवलं ते फक्त गाळ बघायला आणि त्या कामाला एकदम मस्त आहे, कारण ह्याचा लाईट वरून पडतो. खालून लाईटवाल्यात कांद्याची साल छान दिसते पण जाड कवच नुसतं काळं दिसतं.

देवबागला कर्ली खाडीच्या कडेचा थोडा गाळ घेतला, मलमलच्या फडक्यात धरून नळाखाली हळूहळू धुतला, चिखल वाहून गेला, उरलं ते वाळवून काळ्या कागदावर पसरलं आणि वाळूत फोरॅमिनिफेरा दिसले! एकपेशीय जीव, चुन्याचं कवच, बहुतेक मिलिमीटरपेक्षा लहान, पण आतले कप्पेसुद्धा मोजता येतात. ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने उचला, चिमट्याने फुटतात.

एवढा खटाटोप कशाला, तर समुद्राची जुनी नोंद ह्यांच्या अंगात असते. कॅडमियम हा धातू समुद्रात फॉस्फेटच्या (जीवांना लागणारं पोषकद्रव्य) जोडीने फिरतो, वरच्या पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, दोन्ही घेतात, मेले की खाली जातात आणि खोलात दोन्ही परत सुटतात, हे 1976 च्या सुमारास मोजून दाखवलं गेलं. तळाशी राहणारे फोरॅम (फोरॅमिनिफेराच) कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी किंचित कॅडमियम घेतात, म्हणून हजारो वर्षं जुन्या कवचावरून तेव्हाच्या पाण्यातल्या फॉस्फेटचा अंदाज लागतो. आणि आपला अरबी समुद्र तर ह्या बाबतीत खजिनाच आहे, साधारण 150 ते 1000 मीटर खोलीत ऑक्सिजन फारच कमी, तिथले जीवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात, त्यात हलका नायट्रोजन आधी जातो, उरलेल्यात नायट्रोजन-15, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, वाढतो आणि तोच पुढे प्लवकातून गाळात उतरतो. हिमयुगाच्या थरांत तो कमी सापडलाय, म्हणजे तेव्हा जीवाणूंचं हे काम मंदावलं होतं. खाजणातल्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाईडचा, अशा ऑक्सिजन नसलेल्या गाळात मॉलिब्डेनम हा धातू अडकून राहतो आणि मँगनीज उलट विरघळून निघून जातं, म्हणजे हीपण एक नोंदच.

अर्थात हे धातू ह्या लेन्सने दिसणार नाहीत, त्याला लॅबच लागते. किनाऱ्याच्या वाळूत थरही शोधू नका, लाटा आणि खेकडे सगळं ढवळून टाकतात.

एक स्टार कापला कारण क्लिप ढिली आहे, फोकस सारखा सरकतो, आणि पाकिटावरचा 1000 एक्स हा आकडा खोटा आहे, विक्रेत्याला विचारलं तर उत्तरच नाही. मोबाईलचं जाड कव्हर काढून लावा, मग बरं बसतं.