पहिल्यांदा मध काढताय? यंत्र घ्यायचं की पोळं कापून गाळायचं, आणि नंतर तो ठेवायचा कशात

पेटीचा वरचा मजला उचलून बघितला तर हाताला चांगलं वजन लागतंय, जांभळाचा फुलोरा संपत आलाय, मे तोंडावर आहे, अशा वेळी नवीन मधपाळाला दोनच प्रश्न पडतात, मध काढू कसा आणि ठेवू कशात. माझ्याकडे सातारा जिल्ह्यात जावळीच्या बाजूला सातेरीच्या (आपली देशी पाळीव मधमाशी) चार पेट्या आहेत, सहावं वर्ष चालू आहे, आणि एवढ्या वर्षांत मी पोळं कापून गाळूनही मध काढलाय, यंत्रावर फिरवूनही काढलाय, आणि दुसऱ्या वर्षी घाई केली म्हणून जवळजवळ निम्मा मध आंबून गेला तेही बघितलंय. त्यामुळे जे लिहितोय ते त्याच्यावरून.

आधी तुमची माशी कुठली ते बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. मेलीफेरा (परदेशातून आणलेली मोठी पाळीव माशी) असेल, म्हणजे १० फ्रेमची (फ्रेम म्हणजे पोळं बांधायची लाकडी चौकट) मोठी लँगस्ट्रॉथ पेटी, तर चांगल्या फुलोऱ्यावर नेली की एका पेटीतून वर्षाला २५-३० किलो मध निघू शकतो, आणि एवढा मध पोळी कापून काढणं म्हणजे माश्यांची मेहनत वाया घालवणं, तिथे सरळ यंत्र घ्या, विचार करत बसू नका. सातेरीचं गणित वेगळं आहे. घाटात सातेरीची पेटी वर्षाला साधारण ५ ते १० किलो देते, पहिल्या वर्षी त्याहून कमी पण, आणि दोन पेट्यांसाठी यंत्र घ्यायचं का हा प्रश्न खरा इथे येतो. पुढचं सगळं सातेरीवाल्यांसाठी आहे असं समजून वाचा.

पोळं कापून गाळायला लागतं काय, तर धारदार सुरी, मोठं स्टीलचं पातेलं, गाळणी आणि नायलॉनचं बारीक कापड, सगळं घरात असतं. फ्रेममधला माश्यांनी मेणाने झाकलेला भाग कापायचा, पातेल्यात कुस्करायचा, गाळणीवर टाकून वरून झाकून ठेवायचा. मे महिन्यात एका रात्रीत बऱ्यापैकी गळतो, थंडीत मात्र दोन दिवस बसून राहावं लागतं. सुती फडकं वापरू नका, लगेच चोंदतं. शिवाय मेण आपल्याला मिळतं. मग वाईट काय, तर पोळंच जातं. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्च करावा लागतो असं धरतात, म्हणजे पोळं कापलं की पुढच्या फुलोऱ्यात माश्या आधी घर बांधत बसणार, मग मध साठवणार, आणि आपल्याकडे जांभळाचा फुलोरा काय महिना-दीड महिना, तोपर्यंत संपतोच.

इथे एक फरक करतो, कारण लोक गल्लत करतात. कापून गाळणं वेगळं आणि पिळणं वेगळं. रानातलं मोहोळ काढतात तसं अख्खं पोळं हातात धरून पिळलं की त्यात पिल्लांचा रस, पराग, मेलेल्या माश्या सगळं मधात येतं, तो मध गढूळ दिसतो, वास येतो आणि लवकर खराब होतो. पेटी ठेवण्याचा अर्थच हा आहे की पिल्लं खालच्या मजल्यावर आणि मध वरच्या मजल्यावर, मग वरच्या फ्रेममध्येसुद्धा पिल्लं दिसली तर ती फ्रेम तशीच परत ठेवायची, एका फ्रेमचा मोह करायचा नाही.

आता यंत्र. दोन फ्रेमचं हाताने फिरवायचं स्टीलचं यंत्र मिळतं, काही हजार रुपये जातात. फ्रेमवरची मेणाची झाकणं गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने अलगद काढायची, दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वजनाच्या फ्रेम लावायच्या (नाहीतर यंत्र नाचतं) आणि फिरवायचं, मध बाहेर भिंतीवर उडतो आणि खाली तोटीतून येतो. पोळं शाबूत राहतं, ते परत पेटीत, माश्या दोन दिवसांत साफ करून पुन्हा भरायला लागतात, आणि फुलोरा लांबला तर दुसऱ्यांदा मध मिळायची शक्यता फक्त याच पद्धतीत आहे. मध स्वच्छ निघतो, पराग आणि मेणाचा चुरा कमी.

पण हे वाचून लगेच ऑर्डर देऊ नका. पहिल्या वर्षीची सातेरीची पोळी पांढरी, कोवळी, पापडासारखी असतात आणि फ्रेमला तार नसेल तर जोरात फिरवलं की तुटून आत पडतात. माझी पहिल्या खेपेला तीन तुटली. नंतर शेजारच्या वाडीतल्या काकांनी दाखवलं, त्यांच्याकडे तीसेक पेट्या आहेत, की आधी एका बाजूने हळूहळू अर्धाच मध काढायचा, फ्रेम उलटवायची, दुसरी बाजू पूर्ण काढायची, मग परत पहिली. त्यानंतर एकही तुटलं नाही. जुनं यंत्र विकत घेत असाल तर आतून बघा, जस्ताचा पत्रा असेल किंवा कुठे गंज दिसला तर घेऊ नका, मध आम्लधर्मी असतो, तो धातूला लागतो. आणि कुठल्याही पद्धतीने काढा, काम बंद खोलीत करा, उघड्यावर मधाचा वास सुटला की सगळ्या पेट्यांच्या माश्या तिथे येतात आणि मग एकमेकांच्या पेट्या लुटायला सुरुवात होते, ते थांबवणं फार अवघड.

तिसरा एक मार्ग आहे जो नवीन लोकांना कोणी सांगत नाही, पोळ्यासकट मध. कोवळं पांढरं पोळं, पूर्ण झाकलेलं, चौकोनी तुकडे कापायचे, डब्यात घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे म्हणजे मेणकिड्याची (पोळ्यातलं मेण खाणारा किडा) अंडी असतील तर मरतात, झालं. गाळायचं नाही, फिरवायचं नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन फ्रेमच मिळणार असतील तर मला हा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावरचा आनंद बघा फक्त. बाहेरच्या देशातलं ते तोटी फिरवली की बाटलीत मध पडणारं पोळं व्हिडिओत बघून बरेच जण विचारतात, पण त्याचे साचे मेलीफेराच्या मापाचे आहेत, सातेरीच्या पोळ्यातलं एकेक घर बारीक असतं, आपल्या उपयोगाचं नाही.

माझं मत विचाराल तर, एक-दोन सातेरीच्या पेट्या असतील तर पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नका, पण यंत्र वापरा. म्हणजे मागून आणा. जवळपास कोणी मधपाळ असेलच, त्याला एक बाटली मध द्या आणि एका दिवसासाठी यंत्र घ्या, आदल्या दिवशी धुऊन कडकडीत वाळवा. नाहीच मिळालं तर कापून गाळा, मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वरची दोन बोटं पट्टी सोडून कापा म्हणजे माश्यांना बांधायला आधार राहतो. चार-पाच पेट्या झाल्या की मग घ्या स्वतःचं. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, त्यात प्रशिक्षण आणि साहित्याला ५० टक्के अनुदान असतं, महाबळेश्वरला त्यांचं मध संचालनालय आहे, तिथे चौकशी केल्याशिवाय खिशातून पूर्ण पैसे घालू नका. शिकायचंच असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आणि २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर महाबळेश्वरपासून जवळच आहे, एकदा जाऊन लोक प्रत्यक्ष कसं करतात ते बघून या, वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं.

आता कधी काढायचा, कारण मध टिकणार की नाही हे बाटलीवर नाही, इथे ठरतं. लवकर काढला की माश्यांना पुन्हा भरायला वेळ मिळतो हे खरं, उशिरा काढला की मध पिकलेला मिळतो, आणि या दोन्हीत मी डोळे झाकून पिकलेला निवडेन. फ्रेमचा किमान पाऊण भाग मेणाने झाकलेला असला पाहिजे. झाकलेला नसलेला भाग तपासायचा असेल तर फ्रेम आडवी धरून एक हिसका द्या, थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत ठेवा. दुसऱ्या वर्षी मी एप्रिलच्या मध्यातच अर्ध्या उघड्या फ्रेम काढल्या, बाटल्या भरल्या, जुलैत एका बाटलीचं झाकण वर आलेलं, उघडलं तर फेस आणि ताडीसारखा आंबट वास. मन फार खट्टू झालं, कारण तो मध माश्यांनी एवढ्या कष्टाने आणलेला आणि चूक पूर्ण माझी.

कारण साधं आहे, मधात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की त्यातलं यीस्ट जागं होतं आणि मध फसफसतो. एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादापण २० टक्क्यांचीच आहे. पंचाईत अशी की सातेरीचा मध झाकलेला असला तरी मेलीफेरापेक्षा पातळ असतो, घाटातला तर जास्तच, म्हणून अंदाजावर जाऊ नका, मधाचा रिफ्रॅक्टोमीटर (मधात पाणी किती टक्के ते दाखवणारं छोटं उपकरण) दीड-दोन हजाराच्या आसपास मिळतो आणि माझ्या मते यंत्राच्याही आधी घ्यायची वस्तू ती आहे. फक्त तो साध्या पाण्याने झिरो होत नाही, सोबत दिलेल्या तेलाने किंवा काचेच्या तुकड्याने करावा लागतो. १८-१९ दाखवला तर बिनधास्त ठेवा, २० ते २२ असेल तर वेगळ्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये आणि आधी तोच संपवायचा, पण २० च्या वरचा कुठलाच विकू नका.

(कच्चा मध म्हणून जो बाजारात विकतात तो न तापवलेला मध, आणि मधपाळ कच्चा म्हणतो तो न पिकलेला. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा नीट समजावून सांगा, नाहीतर दोघांचा घोळ होतो.)

काढल्यावर लगेच बाटलीत भरू नका, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे वर येतात, तो फेस चमच्याने काढून घ्या. आणि हे सगळं पावसाच्या आधी उरका. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की उघडा मध हवेतून पाणी ओढायला लागतो, जूनमध्ये आपल्याकडे काय हवा असते माहितीच आहे, चांगला पिकलेला मधसुद्धा उघडा राहिला तर बिघडतो.

काच की प्लॅस्टिक की स्टील, यात माझं फार डोकं चालत नाही, मोठा साठा असेल तर फूड ग्रेड स्टील किंवा फूड ग्रेड प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची बादली, घरात खायला आणि द्यायला काच. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, पत्र्याचा डबा नको. गावात अजून जुन्या अरुंद तोंडाच्या बाटल्यांत भरायची पद्धत आहे, ती सोडा, मध रवाळ झाला की त्यातून निघत नाही आणि तापवायच्या नादात वाया जातो, रुंद तोंडाची बरणी घ्या. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी वास राहतो, तीपण नको. एक हिशोब लक्षात ठेवा, मध पाण्यापेक्षा जड, १ लिटरच्या बाटलीत जवळपास १ किलो ४०० ग्रॅम बसतो, म्हणजे किलोचा भाव सांगून लिटरची बाटली दिली तर ४०० ग्रॅम फुकट गेला. आणि विकायचा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

फ्रिजमध्ये की बाहेर? पिकलेला मध बाहेरच, अंधाऱ्या कोरड्या कपाटात, गॅसच्या शेजारी नाही. मध सगळ्यात लवकर रवाळ होतो तो १४ अंशाच्या आसपास, म्हणून महाबळेश्वरच्या थंडीत घरात ठेवलेला मध जमला की लोकांना भेसळ वाटते, तसं नसतं, त्यातली ग्लुकोज साखर स्फटिक होते एवढंच, मोहरीचा मध तर थोड्याच दिवसांत जमतो. पातळ करायचा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी ४०-४५ अंशाच्या पुढे नको, म्हणजे बोट आरामात बुडवून ठेवता येईल इतकं. कारखान्यात ६०-६५ अंशापर्यंत तापवून यीस्ट मारतात, मध जास्त टिकतो आणि बरेच महिने पातळ राहतो, पण वास उडतो आणि जांभळाच्या मधाचा तो किंचित कडवट तुरटपणापण कमी होतो, ज्याच्यासाठी लोक आपल्याकडून घेतात. घरी चार-पाच किलोसाठी तापवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र कुठलाच मध द्यायचा नाही, तापवलेलापण नाही, चाटणातपण नाही, हे घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका असतो.

राहिलं एकच, किती काढायचा. पावसाचे चार महिने आपल्याकडे माशीला बाहेर जवळपास काही मिळत नाही, आणि सातेरी उपाशी राहिली की पेटी सोडून निघून जाते. म्हणून खालच्या मजल्यावरच्या मधाला हात लावायचा नाही, वरच्यातल्यापण कडेच्या एक-दोन भरलेल्या फ्रेम मी ठेवतोच, साखरेचा पाक देता येतो पण तो अडीअडचणीला. रिकामी झालेली पोळी संध्याकाळी अंधार पडताना पेटीत द्या, आणि पावसात माश्या कमी झाल्या की जी पोळी त्यांना झाकता येत नाहीत ती काढून घट्ट पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर मेणकिडा महिन्याभरात जाळी करून टाकतो.