पेट्रोल की सीएनजी? शोरूमचा कागद बाजूला ठेवून केलेला हिशेब

मामेभाऊ गाडी घेतोय. एकच मॉडेल, पेट्रोल ८ लाखांना, सीएनजी ८ लाख ९५ हजारांना. 'पंच्याण्णव हजार वसूल होतील का रे दादा?'

आधी रोड टॅक्स. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. सीएनजीला जुलै २०२५ पासून ८ टक्के, म्हणजे ७१,६००. फरक आला ७८,६०० वर. थर्ड पार्टी विमा दोन्हींना तीन वर्षांचा सक्तीचाच. शोरूमने बिलात घातलेले 'हँडलिंग चार्जेस' मात्र खोडायला लावायचे, मी खोडायला लावले होते.

इंधन: पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १७ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सहा रुपये दहा पैसे. सीएनजी ९० रुपये आणि किलोला २५ धरले तर तीन साठ. अडीच रुपये वाचले. म्हणजे ३१ हजार किलोमीटरनंतर खरी बचत. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर अडीच वर्षं, पाचशे फिरलात तर पाच.

देखभाल थोडी जास्त, शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी. डिकीचं विचाराल, तर तिथे सिलिंडर बसलेला; गणपतीला गावी जाताना आमच्या काकूंच्या मांडीवर नारळाची पिशवी होती, महाडपर्यंत. पंपावरची रांग वेगळी.

रोज पन्नासेक किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याने डोळे झाकून सीएनजी घ्यावी. आमचा भाऊ रविवारीच गाडी काढणार, त्याला पेट्रोलच बरी.