कांट की फूको: प्रबंधासाठी कोण?

सत्ता आणि ज्ञान हा विषय पक्का, पण प्रबोधनयुगाच्या (विवेकावर भरवसा ठेवणारा अठराव्या शतकातला विचार; इथे कांट) बाजूने लिहायचं की उत्तर-आधुनिकांच्या (त्या भरवशावरच शंका घेणारे; इथे फूको), यावर एका विद्यार्थिनीचं घोडं अडलंय.

मेहनतीचं म्हणाल तर कांट इथे सोपा. त्याचा १७८४ चा प्रबोधनावरचा निबंध एका बैठकीत होतो. (त्याचे बाकीचे ग्रंथ मात्र घाम काढतात.)

हाती काय लागतं? कांट निकष देतो: स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस करा. फूको यंत्रणा उघडून दाखवतो. १९७५ च्या पुस्तकात तो इंग्रज विचारवंत बेंथमच्या तुरुंगाचा आराखडा घेतो. मधोमध मनोरा, भोवती कोठड्या. पहारेकरी आत आहे की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःवर नजर ठेवू लागतो. सुधारणेच्या नावाखाली पकड कशी घट्ट होते, ते इथे लख्ख दिसतं.

फूको अडतो तो विवेकाची बाजू घेणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासच्या प्रश्नापाशी: विवेकही सत्तेत गुंतलेला असेल, तर तुमची टीका कशाच्या जोरावर? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. गंमत म्हणजे १९८४ मध्ये फूकोने कांटच्या त्याच निबंधावर आपुलकीने लिहिलं.

शाळा, दवाखाने, नोंदी तपासायच्या असतील तर फूको. अमुक गोष्ट अन्यायाचीच आहे, असं ठामपणे मांडायचं असेल तर कांट आणि हाबरमास. ल्योतार हा दुसरा उत्तर-आधुनिक विचारवंत तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल.